पोच न घेतलेलं निवेदन

साहेब,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला लिहायला बसले आहे. डबा उघडला नाही. आजच्या बोर्डाचा, खटल्यांच्या यादीचा कागद पालथा घातलाय, त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असता, "पोरी, आदी जेव, मग काय रडायचं ते रड." रडत नाही मी. संतापले आहे, आणि हा संताप जिच्यावर काढायचा ती बाई मीच आहे, म्हणून तुमच्याकडे आले. तुमच्या काळात हायकोर्ट म्हणजे मुंबई. इथं खंडपीठ हवं म्हणून तुम्ही त्या वयात काळा कोट घालून धरण्याच्या मांडवात बसत होता, मी थर्मासमधून चहा आणून देत होते. आता सर्किट बेंच इथंच बसतं साहेब. शाहूपुरीतल्या आपल्या ऑफिसातून रिक्षानं दहा मिनिटं. आणि त्यात मी चालवलेली पहिली मोठी याचिका कुणाची, तर माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची. परवा ती फेटाळली गेली.

गुजरीच्या सराफी बोळात त्याची भट्टी आहे. कुणी जुनं सोनं आणलं की मुशीत वितळवायचं आणि लगड करून द्यायची, एवढं त्याचं काम. तो धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणणार नाही. मी त्याला तोंडावर विचारलं होतं, सोनं कुठलं होतं रे? तर म्हणाला, "आक्का, मी इचारतच न्हाय. इचारलं की गिऱ्हाईक शेजारच्याकडं जातंय." अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की परदेशातून चोरून आलेलं सोनं त्याच्या भट्टीत पडत होतं. अटक झाली, जामीन झाला, गडमुडशिंगीला घरी आला, आईच्या पाया पडला, आणि नवव्या दिवशी पुन्हा उचलला. ह्या खेपेला गुन्ह्यासाठी नव्हे. इथून पुढं तस्करीला हातभार लावील म्हणून. स्थानबद्धतेचं तुम्हाला मी काय सांगायचं? खटला नाही, साक्षीदार नाही, जामिनाचा अर्ज नाही. मुंबईतल्या एका सचिवाची खात्री झाली, की माणूस वर्षभर आत. बाहेर काढायला आपल्या हातात दोनच वाटा, एक सरकारला निवेदन आणि दुसरी हायकोर्टात याचिका. आणि दुसरी वाट बहुतेक वेळा पहिलीच्या पाठीवरूनच जाते, हे तुम्हीच मला शिकवलंत: सरकारनं निवेदन विनाकारण कुजवत ठेवलं, की तेवढ्यावर कोर्ट माणूस सोडतं.

मी तुमच्याकडे येऊन महिना झाला असेल. खालच्या अडतीत गुळाचे रवे, ढेपा उतरायच्या आणि वर आपल्या फायलींनाही गुळाचा वास यायचा. तुम्ही मला एका सरकारी कचेरीत अर्ज द्यायला पाठवलंत. तिथला कारकून आमच्या गावचा निघाला. मी अर्ज दिला, त्यानं चहा पाजला, मी परत आले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "पोच कुठाय?" मी म्हटलं, वळखीचे आहेत साहेब. झालं! सगळं ऑफिस हादरलं. "वळख कोर्टात हजर करता येती व्हय? शपथ घालून इचारायचं तिला, तू त्या दिशी हुतीस का म्हणून? जा. परत जा, शिक्का घेतल्याबिगर तोंड दाखवू नगंस." भर उन्हात मी गेले. कारकुनानं शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे असा टाकला, की जन्माची शोभा झाली. पुढं दोन वर्षं त्यानं मला बसा म्हटलं नाही. मला तुमचा इतका राग आला होता, की संध्याकाळी घरी जाऊन आईला म्हटलं, हा माणूस कुणावर विश्वासच ठेवत नाही.

मग तो नृसिंहवाडीचा माणूस आला. म्हणजे त्याची बायको आली, तो आत होता, अशाच सोन्याच्या भानगडीत, ह्याच कायद्याखाली. तुम्ही तुरुंगात जाऊन त्याच्याच हातानं साध्या कागदावर निवेदन लिहून घेतलंत, तिथल्याच खिडकीत दिलंत, शिक्का घेतलात. मग मला एक ताव दिलात आणि म्हणालात, रोजच्या दिवसाला एक चौकट आख. निवेदन आज कुणाच्या टेबलावर आहे ते समजलं तर लिही, नाही समजलं तर चौकट रिकामी ठेव. मी एकतीस चौकटी आखल्या, त्यातल्या तेवीस रिकाम्या. मुंबईच्या कोर्टात तुम्ही तो ताव काढलात आणि सरकारी वकिलाला एकेका रिकाम्या चौकटीचं विचारत गेलात. त्या आठवड्यात हा कागद काय करत होता? ह्या मंगळवारी? ते नुसती फाईल चाळत राहिले. माणूस सुटला. चार दिवसांनी तो कवठाच्या बर्फीचा पुडा घेऊन जिना चढून आला आणि तुमच्या पायावर डोकं ठेवायला वाकला. तुम्ही त्याला धरलंत, पुडा माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "पयला घास हिला. दिस हिनं मोजल्यात." साहेब, एवढं कौतुक माझ्या बापानंसुद्धा केलं नव्हतं. त्या बर्फीची चव अजून जिभेवर आहे.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. दहा ज्युनिअर पोरींना मी हे शिकवलंय, तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडून. आणि तरी मी काय केलं ते ऐका.

भाऊ पुण्याच्या तुरुंगात होता. मी भेटायला गेले, त्याच्या हातानं निवेदन लिहून घेतलं, त्यानं सही केली. खिडकीपाशी गेले तर कारकून जेवायला गेलेला. थांबले असते तर काम झालं असतं. पण आदल्या दिवसापासून भावजय कानाशी लागली होती. तिचे मामा मुंबईत सरकारी नोकरीत, रविवारी घरी जेवायला येणार होते. "आक्का, मामा हातोहात देत्यात की. तुरुंगातनं गेलं तर पंधरा दिस तिथंच कुजतंय." मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी ते शहाणपणाचं वाटलं. कागद पिशवीत घालून मी परत आले. रविवारी मामा आले. सोप्यात पाट मांडला, मटणाचं ताट वाढलं, आई तब्येत बरी नसताना तांबड्या रश्श्याची वाटी घेऊन उभी. मामा म्हणाले, "ताई, काय काळजी करू नगासा. सोमवारी सायबाच्या टेबलावर." आणि मी पाकीट त्यांच्या पाटाशेजारी ठेवलं. पाव्हण्याच्या तोंडात घास असताना त्याला म्हणायचं, मामा, शिक्का मारून दुसरी प्रत माघारी पाठवा? ज्यानं भाचीच्या संसारासाठी मुंबईहून यायचं, त्याच्याकडे पोच मागायची? आमच्या घरात त्याला ताटावरून उठवल्यासारखंच झालं असतं. मी वाढताना लाजले, साहेब. वीस वर्षं वकिली करून मी एका ताटापुढे लाजले.

मग मी चौकटी आखत बसले. स्थानबद्धतेचा आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढं सुनावणी झाली. तिथं वकिलाला आत घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भाऊ आत एकटा, समोर तीन मोठी माणसं, आणि मी काळा कोट घालून बाहेरच्या बाकावर. मला आतलं काही ऐकू येत नव्हतं, नुसती पंख्याची घरघर. बाहेर येताना तो हसला आणि म्हणाला, "बोललो मी. काय बोललो ते आठवंना झालंय." मंडळानं आदेश कायम केला. मला तितकं वाईट वाटलं नाही, कारण माझ्याकडे चौकटी होत्या. सेहेचाळीस दिवस झाले तरी निवेदनाला उत्तर नाही! भावजयीच्या नावानं याचिका दाखल केली आणि पहिला मुद्दा तोच घातला. एमआयडीसीतलं पॅकिंगचं काम बुडवून ती कोर्टात माझ्या मागच्या बाकावर येऊन बसायची. मी तिला सांगितलं होतं, ह्याच मुद्द्यावर सुटतोय बघ.

सरकारचं उत्तर आलं. एकच ओळ. असे कोणतेही निवेदन या कार्यालयास प्राप्त झालेले नाही. न्यायमूर्तींनी मला अगदी सौम्य आवाजात विचारलं, पोच आहे का? एखाद्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिला तिथंच फाडून खाल्लं असतं. मी मुदत मागितली. मामांना फोन केला तर म्हणाले, "मी दिलाय की त्येच्या हातात. त्येची बदली झाली, मी काय करू?" त्याच दिवशी मी दुसरं निवेदन रीतसर तुरुंगाच्या खिडकीतून पाठवलं, शिक्क्यासह, तारखेसह. नऊ दिवसांत सरकारनं ते फेटाळलं आणि नवाच्या नऊ दिवसांचा चोख जाब कागदावर मांडून दिला. रिकामी चौकट एकही नाही.

गेल्या पंधरवड्यात मामा स्वतः जिना चढून आले. घामाघूम. सोबत भावजय. मामांनी पिशवीतून पहिल्या निवेदनाची झेरॉक्स काढली, तिच्यावर गोल शिक्का, खाली आवक क्रमांक आणि त्याच रविवारनंतरच्या सोमवारची तारीख. मी म्हटलं, हे कुठून आलं? मामा खाली बघून म्हणाले, "आमच्यातल्याच एकानं मारून दिलाय. जुनं रजिस्टर हाय, मदी जागा हुती. कुणाला न्हाय कळत." साहेब, तो कागद लावला की सगळं फिरत होतं. सेहेचाळीस दिवस सरकारला एकेक करून सांगावे लागले असते आणि सांगता आले नसते. आठवड्याभरात माझा भाऊ घरी आला असता. भावजय माझ्या टेबलाला धरून उभी होती. "आक्का, खोटं कुटं हाय? दिलंच हुतं की आपण निवेदन! लावा की त्यो कागूद." आणि खरं सांगू का, तिचं बरोबर होतं. आम्ही निवेदन दिलंच होतं. खोटा होता तो फक्त शिक्का. मी म्हटलं, नाही लावणार. ती म्हणाली, का? मी म्हटलं, माझ्या साहेबांनी मला असलं शिकवलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, कागद उचलला, चुरगाळला आणि म्हणाली, "मेलेल्या माणसासाठी जित्या माणसाला आत ठेवताय व्हय?" त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आई बोलते, पण ताट वाढताना माझ्याकडं बघत नाही.

परवा याचिका फेटाळली. काल मी पुण्याला गेले. अजून चार महिने त्याला काढायचेत. काचेपलीकडे तो वाळलाय, भट्टीपुढे काळवंडलेले हात आता अगदी गोरे पडलेत, ते मला बघवेनात. भावजयीनं त्याला सगळं आधीच सांगितलेलं. तो शिव्या घालेल म्हणून मी तयारीनं गेले होते. त्यानं फोन कानाला लावला आणि विचारलं, "तुझ्या सायबांनी लावला असता का गं त्यो कागूद?" मी म्हटलं, नाही. कधीच नसता लावला. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "मग बरोबर केलंस, आक्का. तू कशाला तुझ्या सायबाचं नाव घालवायचं? काढतो मी चार म्हैनं." आणि वर मलाच म्हणाला, जेवलीस का.

जेवणाची सुट्टी संपत आली, पुकारा होईल. मी दोघांनाही तुमचं नाव सांगितलं, साहेब. भावजयीला सांगितलं आणि त्यालाही सांगितलं. पण मामांनी तो कागद टेबलावर ठेवला तेव्हा तुम्ही माझ्या मनात आलाच नव्हता. शिक्का पकडला गेला तर माझी सनद जाईल, एवढंच मनात आलं. तुमचं नाव नंतर सुचलं.