कलेक्टरची नखं आणि माझी रुजू तारीख

४ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
१. कासवाला कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवलं.
२. पुढच्या उजव्या पायाचं मधलं नख मोजलं. १४ मिलिमीटर.
३. २ मिलिमीटर कापायचं ठरलं होतं. त्याने पाय ओढला. ४ कापलं गेलं.
४. रक्त आलं. कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं. चार मिनिटांत थांबलं.
५. कासव ठीक. मीही.

कासव परदेशी जातीचं. नोंदणी केलेली आहे, कागद फाइलमध्ये. अमरदादाने आणलं, 'कलेक्टर' नाव ठेवलं आणि हैदराबादला नोकरीला गेला. बाबांना त्याची नखं दिसत नाहीत. म्हणजे जबाबदारी माझी.

मला २४ नोव्हेंबरला पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायचं आहे. क्वालिटी इन्स्पेक्शन. सतरा नखं उरली. रोज एक, २१ तारखेला काम संपतं. दोन दिवस पॅकिंगला. प्लॅनमध्ये चूक नाही.

गेल्या वर्षीचे पुण्यातल्या नोकरीचे अकरा दिवस हा वेगळा विषय. इथे नोंद नको.

६ नोव्हेंबर
दोन दिवसांत शून्य नखं. कॅलिपर दिसला की पाय आत.

शिवाय बाबा. घरातल्या कासवाचं तोंड उत्तरेकडे हवं, हा त्यांचा नियम. पितळेच्या कासवाचा नियम जिवंत कासवाला लावलाय. ते हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर चार पावलं घसरत चालतं, बाबा उचलून पुन्हा उत्तरेला ठेवतात. मी कारण विचारलं. म्हणाले, "दक्षिणेले तोंड केलं का घरातलं चांगलं निघून जाते."

९ नोव्हेंबर
जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हणाले, "बैलाचे खूर असते तं हातासरशी साळून देले असते." सल्ला: कापायची घाई नको, नखात रक्तवाहिनी असते, खडबडीत जागेवर फिरू द्या.

खडबडीत म्हणजे किती मायक्रॉन, मी विचारलं. त्यांनी पुढची बकरी आत बोलावली.

१४ नोव्हेंबर
कंपनीकडे मुदत मागितली. कारण: घरगुती, वैद्यकीय. १५ डिसेंबर मिळाली. एचआरने 'शेवटची मुदत' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. एचआरचे लोक असंच लिहितात.

१७ नोव्हेंबर
शेजारच्या कुंताबाई वांगी द्यायला आल्या. मी टॉर्चच्या उजेडात नखातली शीर शोधत होते. "काऊन वं, हात धुऊन त्याच्या मांगं लागली?" म्हणाल्या. मी पद्धत समजावली. त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाल्या, "त्याले चालू तं दे. नखं बसूनच वाढतेत."

संध्याकाळी जुना पाटा घेऊन आल्या. मिक्सर आल्यापासून पडून होता. आता नवीन टाकी मारून आणला, दगड हाताला लागेल इतका खरखरीत. अंगणात ठेवला. एका टोकाला कलेक्टर, दुसऱ्या टोकाला शेवग्याचा पाला.

शास्त्रीय पद्धत नाही. निरीक्षण म्हणून चालू ठेवते.

२ डिसेंबर
मधलं नख ९. बाकीची १० ते ११. पाटा आल्यापासून एकदाही कापलं नाही. माझ्या देखरेखीचा परिणाम.

बाबांनी पाटा उत्तर-दक्षिण फिरवून ठेवला. आता कासव जाताना उत्तरेला, येताना दक्षिणेला. याला ते तडजोड म्हणतात.

१० डिसेंबर
सगळी नखं ८ ते ९. टोकं बोथट, चाल सरळ.

कुंताबाईंनी विचारलं, "त्याचं तं झालं. तू कधी निघून राह्यली?" फायनल इन्स्पेक्शन बाकी आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "कासव रोज फाटकापर्यंत जाऊन येते माय. तू आठ दिवसांपासून एकच बॅग भरून राह्यली."

बॅगेत जागा नीट वापरायची असते. त्यांना सांगून उपयोग नाही.

१३ डिसेंबर, संध्याकाळी ७.०५
बस साडेसहाची होती.

बॅग दाराशी. कलेक्टर तिला टेकून बसलाय, तोंड दक्षिणेला. आज बाबांनी त्याला फिरवलं नाही.

पाच वाजता शेवटची तपासणी करताना नवीन बाब लक्षात आली. कंपनीला मेल केला. नोंदीसाठी प्रत:

"महोदय, नखांचं काम पूर्ण झालं आहे. मात्र कासवाची चोच अंदाजे दीड मिलिमीटर वाढलेली आढळली. चोच पाट्यावर घासली जात नाही. त्यामुळे माझी रुजू तारीख १२ जानेवारी करावी, ही विनंती. दरम्यान ते पद दुसऱ्या कुणाला दिलं असल्यास तसं कळवलं तरी चालेल. कृपया सोमवार, १५ डिसेंबर, सायंकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावं."