सुतळीचं दुसरं टोक

निरगुडसर
३ डिसेंबर २०२४

आरोहीचे बाबा,

नमस्कार. आम्ही इकडे बऱ्या आहोत. आरोहीचा खोकला गेला. आई कांद्याच्या लागणीत गुंतली आहे. तुमचा खांदा कसा आहे? गळ्यातली झोळी निघाली का? फोनवर तुम्ही ओरडता, मग मीही ओरडते, म्हणून लिहिते आहे.

आत्याबाईंचा निरोप आला, की रविवारी तुम्ही आम्हाला न्यायला येताय, तेही फियाटनेच. "गाडीनं डोकं खाल्लंय त्याचं," त्या म्हणाल्या, "ती नीट झाली की राग बी जाईल." तर आधी गाडीचं बोलू.

ती अजून डावीकडेच ओढत असणार. मामंजींच्या जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन तुम्ही स्वतः नवं केलंत, त्याचं मला खरंच कौतुक होतं. साऱ्या आळीला बोलावून दाखवलंत. मग ती डावीकडे जायला लागली. तुम्ही हवा तपासली, टायर अदलाबदल करून पाहिले, शेवटी चाकांच्या कडेने सुतळी ताणून मोजायला बसलात. सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात. माप चुकलं की मी धड धरली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, आणि वर त्या अंगणाच्याच थोबाडीत. एकदा पान्ह्याने मारलंत. करंगळी अजून वाकत नाही.

सुतळीत काही नव्हतं. सस्पेन्शनच्या सांध्यात बसणारे रबरी बुश आणायला मी नारायणगावला गेले, तेव्हाच गेणभाऊ मिस्त्री म्हणाले होते, "वैनी, गाडी चाकांवर उभी केल्याबिगर चाक धरणाऱ्या आर्मचं बोल्ट आवळू नका म्हणावं. लोंबत्या चाकावर आवळलं तर रबर पिळून बसतं, गाडी एका अंगाला उंच ऱ्हाती आन् एकीकडं वढती." मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. "तू मला शिकवतीस व्हय?" म्हणालात, आणि डावी बाजू जॅकवर असतानाच आवळलीत. गाडी ओढायला लागल्यावर पुन्हा सांगितलं, तेव्हाच तो पान्हा. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

खोडदच्या रस्त्याचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण तुम्ही न्यायला येताय.

आरोहीला पुढे बसवलंत. "बघ, आता हात सोडून दाखवतो." गाडी पळवलीत आणि स्टेअरिंग सोडलंत. गाडी डावीकडे, कॅनॉलकडे निघाली. पोर हसत होती, तिला खेळ वाटला. तुम्ही हात मांडीवरच ठेवलेत. मी मागच्या सीटवरून तुमच्या अंगावर पडून स्टेअरिंग ओढलं. गाडी बाभळीला घासून थांबली. मग मला केसांना धरून बाहेर काढलंत, आणि पत्रा घासला म्हणून लाथा घातल्यात. आरोही बसल्या जागी मुतली. ते मला खालून दिसलं. उठले, आणि सीटखालचा जॅकचा दांडा काढला.

मोरीत पाय घसरला असं लोकांना सांगता. सांगा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, आणि त्या रात्री माहेरी मला गाढ झोप लागली. दुसरा घाव डोक्यात घालणार होते. आरोही "आई" म्हणाली म्हणून हात थांबला. पहिल्या घावाचा मला पस्तावा नाही.

आता नीट वाचा. गाडी चारही चाकांवर उभी करा. पुढे-मागे ढकलून बसू द्या. डाव्या आर्मचे बोल्ट सैल करा आणि तिथेच, तशाच उभ्या गाडीत, पुन्हा आवळा. मग मापं घ्या. सुतळीचं दुसरं टोक खिळ्याला बांधा, खिळा कुणाचं काही ऐकून घेतो. गाडी नाकासमोर चालेल.

म्हणजे आत्याबाईंना सांगायला गाडीचं निमित्त उरणार नाही.

रविवारी येऊ नका. मामंजी आणि आत्याबाई नातीला भेटायला कधीही येवोत, एसटीने. तुम्ही कधीही आलात तर तुमचा दांडा इथेच आहे, दाराआड उभा केलाय. या वेळी आरोही शाळेत असेल किंवा मामाकडे, मला हाक मारायला जवळ कुणी नसेल.

'तुमची' असं लिहायला घेतलं होतं, खोडलं.

आरोहीची आई,
वैजयंती