मोठ्यानं घेतलेलं नाव

२ ऑगस्ट १८४९, गुरुवार

कोर्टाच्या पायरीवर उभं राहून दोन तास बोललो. ऐकायला माणसं कमी, खेचरं जास्त. माझं मागणं एवढंसंच — केंटकीची नवी घटना लिहायला सभा भरते आहे, तिच्यात एक कलम घाला : येत्या नाताळपासून गुलामाच्या पोटी जन्मेल ते मूल स्वतंत्र. आईबापांबद्दल बोलायची माझी छाती नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "वकील, आधी आपली स्वयंपाकीण सोडा की!" सगळे हसले. सोडू कशी? डॉर्कस माझी नाहीच. ती कर्नल हॉकरची. सालाच्या बोलीनं आमच्याकडे राबते आणि पैसे कर्नलच्या खिशात जातात. आणि या सभेच्या निवडणुकीला माझ्यासमोर उभाही कर्नलच.

४ ऑगस्ट, शनिवार

लव्हिनिया आज जेवताना म्हणाली, "अहो, तुम्हाला पडायची हौस आहे का?" बायको आहे, तिला विचारायचा हक्क आहे. विधानसभेला दोनदा पडलो. न्यायाधीशाच्या जागेचा शब्द मला मिळाला, जागा दुसऱ्याला मिळाली. आता केस पांढरे झाले.

हौस नाही. डॉर्कसचे दिवस नाताळनंतर लगेच भरतात. तिच्या नवऱ्याला कर्नलनं वसंतात नदीनं खाली न्यू ऑर्लिन्सला विकलं. ती त्या दिवशीही मक्याची भाकरी वेळेवर घेऊन आली, आणि मी ती खाल्ली. नाताळची तारीख मी उगाच निवडलेली नाही. हे लव्हिनियालाही सांगितलेलं नाही.

६ ऑगस्ट, सोमवार

मतदान सुरू. तीन दिवस चालेल. कर्नल आणि मी एकाच टेबलाशी, मध्ये शेरीफ. मतदार येतो, शेरीफ विचारतो, "कोणाला?" तो सगळ्यांदेखत नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून आभार मानायचे. मी आज फारसा उठलो नाही. कर्नलच्या उठबशा मोजायच्या सोडून दिल्या.

अंगणात कर्नलच्या व्हिस्कीचं पिंप. माझ्या बाजूला पाण्याची बादली, तीही कॉलऱ्याच्या भीतीनं कोणी शिवत नाही.

माझी पाळी आली तेव्हा रिवाजाप्रमाणे मी म्हणालो, "कर्नल हॉकर." उमेदवारानं समोरच्याला मत द्यायचं, ही इथली सभ्यता. स्वतःचं नाव घेणं म्हणजे पंगतीत स्वतःच स्वतःला वाढून घेणं. कर्नल उठून वाकला. "आभारी आहे, अ‍ॅन्सेल. माझं तुला बुधवारी." शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही.

७ ऑगस्ट

डोंगराकडचे लोक आले! ज्यांच्याकडे ना गुलाम, ना जमीन. चिखलाचे पाय, आणि खणखणीत आवाज : "टॅलबर्ट!" उठून उठून गुडघे दुखले. थोडं अंतर राहिलंय.

८ ऑगस्ट, बुधवार

संपलं.

सूर्य मावळायला आला तेव्हा बरोबरी. मत द्यायचं राहिलेला एकच माणूस — कर्नल. मी मूर्ख, मनातल्या मनात सभेतलं पहिलं भाषण जुळवत होतो.

शेरीफनं विचारलं, "कोणाला?"

कर्नल माझ्याकडे न बघता म्हणाला, "हॉकर." मग स्वतःच उठून स्वतःचे आभार मानले. केवढा हशा झाला. खांद्यावर हात ठेवून मला म्हणाला, "रिवाज जेवणाच्या टेबलावर ठीक रे. हा इस्टेटीचा प्रश्न आहे. मनाला लावून घेऊ नकोस, रविवारी जेवायला ये."

एका मतानं पडलो. माझ्याच तोंडच्या मतानं.

९ ऑगस्ट

उठलो नाही. पक्षकार आले, लव्हिनियानं परत पाठवले.

१० ऑगस्ट, शुक्रवार

कर्नलचा निरोप — साल संपेपर्यंत थांबणार नाही, डॉर्कसला मंगळवारी न्यायला येतो. पोटुशी आहे तोवर चांगला भाव येतो म्हणे, न्यू ऑर्लिन्सकडचे व्यापारी आलेत. कराराची वही काढून बसलो. मुदतीचं कलम मीच लिहिलेलं, कर्नलला हवं तसं : वाटेल तेव्हा तिला परत न्यावं. माझ्यासारखा वकील कोणाला न मिळो.

स्वयंपाकघरात जाऊन डॉर्कसला मंगळवारचं सांगितलं. ती पीठ मळत होती.

"कितीनं पडलात, साहेब?"

"एकानं."

"ते एक कोणाचं?"

तिनं मळणं थांबवलं नाही. "ठाऊक आहे मला," म्हणाली. "सगळ्या गावानं ऐकलंय. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

१२ ऑगस्ट, रविवार

कर्नलकडे गेलो नाही. होडी काढून नदीत बसलो, गळ टाकलाच नाही. पलीकडे ओहायो, गुलामी नसलेलं. किती जवळ दिसतं! या नदीकाठी जन्म गेला आणि एक कलम मला लिहून घेता आलं नाही. आता वकिलीही नको आणि भाषणंही नकोत. कोणासमोर तोंड उघडावंसं वाटत नाही.

परतल्यावर वल्ही घरी आणायची राहिली. होडीतच पडली आहेत. जाऊ दे, उठवत नाही.

१४ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी चूल थंड. कर्नल चार घोडेस्वार घेऊन दारात. "अ‍ॅन्सेल, तू माझ्याशी आजवर खोटं बोललेला नाहीस. कुठं गेली ती?"

"लेक्सिंग्टनच्या रस्त्यानं," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं.

"आभारी आहे," म्हणून तो नदीकडे पाठ करून निघाला. होडीच्या खुंट्याला कापलेला दोर लोंबतोय. तो काढून आणायला जातो.