तनुजाचा खांदा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
ता. १५ मे २०२४

चि. सर्जेराव यास,

अक्काचा आशीर्वाद. आंब्याची पाटी पोचली. आंबे गोड आहेत. तुझ्या लेकीनं मात्र अजून एकाही आंब्याला हात लावलेला नाही. का, ते पुढं लिहिते.

फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही, म्हणून हा खटाटोप. मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊक आहे. किराण्याच्या पुड्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. तेव्हा चुका काढत बसू नको, मजकूर बघ.

इकडं पाण्याची बोंब आहे. आमच्या मागच्या मोकळ्या जागेवर आणखी इमारती उठल्या, आणि बोअरनं जीव सोडला. आता टँकर येतो, आपल्या गावाला येतो तसाच. फरक एवढाच की इथं टँकरचा पाइप टाकीत सोडतात, पोर विहिरीत सोडत नाहीत.

हे शेवटी लिहायचं ठरवलं होतं. आधीच उतरलं. असू दे.

तर आखाजीचं. कॉलेजला सुट्टी होती म्हणून तनुजाला सणासाठी हसतखेळत तुझ्याकडं पाठवली. परत आली ती भर उन्हात अंगाभोवती ओढणी घट्ट धरून. म्हटलं, "काय गं?" तर म्हणे, "काय नाय आत्या, ऊन लागलं." ओढणी ओढली तेव्हा दिसलं. खांद्यावरच्या त्या जुन्या गाठीभोवती फोडच फोड, कातडी सोललेली, पाणी गळतंय. उजवा हात वर होत नाही. घास डाव्या हातानं खाते. आता कळलं आंबे का उरले?

रात्री खोदून विचारल्यावर तिनं बिब्ब्याचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे काय लावलंय?"

"बिब्बा," मी म्हणाले.

"कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "मीच लावला, मॅडम."

सर्जेराव, दाभणात बिब्बा टोचून दिव्यावर कोण धरत होतं? तेल सुटल्यावर तिच्या अंगावर कुणी टेकवलं? "रविवारी तुला बघायला पाहुणे येणार, तोवर गाठ वितळेल," असं कोण म्हणत होतं? तिची आई असती तर तुझ्या हातातलं दाभण हिसकावून चुलीत फेकलं असतं तिनं. टाचेच्या भेगेला लावायची वस्तू तू जिवंत लेकीच्या खांद्याला लावलीस!

आता ऐक, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. काहींच्या अंगाचा गुणच असा असतो की जखम भरली तरी मांस वाढायचं थांबत नाही. जखमेची हद्द सोडून बाहेर पसरतं, खाजतं, ठणकतं. त्याला कीलॉइड म्हणतात. नुसतं कापलं तर पुन्हा येतं, कधी आधीपेक्षा मोठं. जाळलं तर नवी जखम, म्हणजे नवी गाठ. आधी हे भाजलेलं भरू द्यायचं, मग गाठीतच सुई देऊन हळूहळू बसवायची. वेळ लागेल, पुरती जाईलच असंही नाही. "घरात कुणाला होतं का?" त्यांनी विचारलं, आणि मला आपली आई आठवली. बुगडी टोचलेल्या जागी तिच्या कानाला भोकराएवढी गाठ होती, आठवतं? त्या गाठीशी खेळत तू झोपायचास. तेव्हा पाहुण्यांना जे रोगबिग वाटेल, ते आपल्याच घरचं आहे. पोरीनं कुठून विकत आणलेलं नाही.

मग बाईंनी विचारलं, "मूळ जखम कशी झाली?"

"विहिरीच्या पायरीवरून घसरले." पाठ केल्यासारखं.

घरी येऊन मी मलम लावत होते. लावता लावता म्हटलं, "बिब्ब्याचं खोटं बोललीस. पायरीचंही का?" मग बोलली.

ती लहान असतानाच्या त्या दुष्काळात टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि तळाचं पाणी वाटीनं भरायला कुणीतरी खाली उतरायचं. थोरल्याची, इंद्रजीतची दहावी म्हणून तू हिला उतरवलंस. वर पाण्याच्या नंबरावरून शेजारच्या सांडूशी तुझी जुंपली. भांडता भांडता तुझ्या हातून दोर सुटला आणि भरलेली बादली पोरीच्या खांद्यावर आली. "कुणी विचारलं तर घसरले म्हण," हे तूच शिकवलंस. घावात चुलीतली राख दाबलीस. दवाखान्यात नेलं असतं तर तिथंही कसं लागलं ते विचारलं असतं ना! घाव पिकला, कितीतरी दिवस वाहत राहिला, आणि भरला तो असा.

हात सुटला याचा मला राग नाही रे. हात कुणाचाही सुटतो. राग याचा आहे की तू सांडलेलं ती आजवर झाकत आली, आणि तुला साधी तिच्याकडं मान वर करून बघायची हिंमत झाली नाही. ती गाठ पाहुण्यांना नको आहे, की तुला? खरं सांग. मला नको सांगू, स्वतःला सांग.

रविवारी तनुजा येणार नाही. गाठ काढणारा कुणी माणूस तू बघून ठेवलाय म्हणे, त्यालाही सांग, ब्लेड घरीच ठेव. पाहुण्यांना माझं नाव सांग. म्हणावं, म्हातारी भांडकुदळ आहे, पोरगी सोडत नाही. मी व्हय म्हणेन.

सोमवारी पट्टी बदलायची आहे. सकाळच्या एसटीनं ये. दवाखान्याच्या बाकावर तिच्याशेजारी बस. टँकरचं पाणी असलं तरी पाय धुवायला तांब्याभर देईन, पोटभर जेवू घालीन, तू म्हणशील तो आंबा कापून देईन. पण उंबऱ्यात आलास की आधी एक विचार तिला. इतक्या वर्षांत घरातल्या कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा ओढणीवरूनच बघत राहिले.

विचार, "दुखतं का, बाई?"

आणि ती "नाय" म्हणाली, तरी तिथून हलू नको.

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का