तळ्याची बस

ती. आईस बावन्न वर्षांच्या बालकाचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, फक्त डोकं तापलंय. तू आलीस की दाखवणार होतो, त्या रानातल्या तळ्याची बस बंद केली! कारण काय, तर म्हणे प्रवासी नाहीत. मग दर रविवारी तिकीट काढणारा मी काय निर्गुण निराकार?

डेपोतला साहेब म्हणतो, "काका, गाडी घ्या की." म्हटलं, "पायी फिरायला गाडी?" फिदीफिदी हसला लेकाचा.

आज हमरस्त्यापासून चालतच गेलो. पाय किंचित मुरगळलाय, काळजी नको. पण तुझ्या गुडघ्यांना ती वाट झेपणार नाही. तेल लावतेस ना?

येणं मात्र रद्द करू नकोस. बस सुरू होईपर्यंत रोज त्या साहेबासमोर जाऊन बसणार आहे. हा हट्ट कुणाकडून आला, ते तुला सांगायला नको.

तुझा लंगडता,
धाकटा