शिरगावला इडो

५ जानेवारी ८६, रविवार
आज तीन काळ झाले! काम करतो — लाबोरास. केलं — लाबोरिस. करीन — लाबोरोस. मी, तू, साहेब, हमाल — कोणीही असो, क्रियापद तेच. शिरगावचे वामनसर दर रविवारी मला शिकवतात. म्हणाले, "इडोत क्रियापद कुणापुढे वाकत नाही." परदेशातल्या लोकांनी मुद्दाम बनवलेली भाषा. कोणाच्याच आईची नाही, म्हणून सगळ्यांना सारखी. इंग्रजीच्या गो-वेंटनं मला सातवीत नापास केलं. इथे एकही अपवाद नाही!

१४ जानेवारी
खोलीवर घोकत होतो. खोलीतला शिवाजी — "आरं, मंतर म्हणतोस का शिव्या देतोस?" सगळे हसले. मीही हसलो. कारखान्यात मशिनीपुढे बोलणं ऐकू येत नाही, बेटेगावच्या खोलीवर पाळीमुळे निम्मे झोपलेले. आज संक्रांत. तिळगूळ कोणी दिला नाही. मीही कोणाला दिला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
सरांच्या शेजारच्या गोदूबाई बोंबील वाळत घालत होत्या. मला पाहून ओरडल्या, "सर, तुमचा पोपट आला!" मी दारातूनच — "मे वेनिस!" मी आलो. सर उठून उभेच राहिले. बावीस वर्षं ते स्वित्झर्लंडच्या एका म्हाताऱ्याला या भाषेत पत्रं लिहितात. "पण आपणहून तोंडानं बोललेला तू पहिलाच रे," म्हणाले.

२ मार्च, रविवार
ओव्हरटाइममुळे तीन रविवार चुकले. दाराला कुलूप.
गोदूबाई — "सर गेले रे. गुरवारी. तुला कळवनार कसं? तुजं नावबी आमाला नाय म्हाईत."
मग आतून पाकीट आणलं. परदेशी तिकीट. "काल आलं. वाचनारा आता तूच."
त्या म्हाताऱ्याचं. निम्मं कळलं. गुडघा दुखतो. कुत्रा मेला. डिसेंबरात येईन, समोरासमोर बसून बोलू.

१६ मार्च
म्हाताऱ्याला उत्तर टाकलं. चौदा दिवसांत पाच ओळी. सर मोर्तिस — वारले. मे प्लोरास — मी रडतो. रडलो नाही खरं तर, पण 'वाईट वाटलं'ला शब्द शिकलोच नव्हतो. काळ मात्र एकही चुकला नाही. शेवटी — मला लिहा. खाली माझा पत्ता. आता बोलायला तेवढा एकच माणूस.

३ एप्रिल
नाही.

२१ एप्रिल
नाही. शिवाजी — "रोज पोस्टमन गाठतोस, बायको हाय का रं तिकडं?"

६ मे
आलं! पण इंग्रजीत. कारखान्यातल्या लॅबच्या साहेबांनी वाचून सांगितलं. त्याच्या मुलीचं आहे. म्हातारा फेब्रुवारीतच गेला. ते पाकीट टेबलावर तयार होतं, तिनं टपालात टाकलं. घरात ही भाषा कोणालाच येत नाही. विचारते — बाबांनी शेवटचं काय लिहिलं होतं, सांगाल का?