संडासासमोरची खाट

पुसद, १९ ऑगस्ट २०२४

चि. सदाशिव,

अनेक आशीर्वाद. हे सवयीनं लिहिले. मनातून आज एकही निघत नाही. अर्पिताचं नाव काढलं की तू फोन कापतोस, म्हणून कागद घेतला.

सून नाटकं करते, असं म्हणत होतास ना? ती माझ्याकडे आली, तशी मी तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मोठ्या आतड्यात बारीक तारा सोडल्या आणि मग तिला जेवू घातलं. आतडं विजेच्या बारीक लहरींवर हलतं म्हणे, आणि जेवण झालं की त्या लहरी वाढतात. हिच्या वाढल्याच नाहीत. कागदावर नुसती मरगळलेली रेघ! पोरीचं पोट खरंच साफ होत नाही, आणि तुम्ही एरंडेल पाजून वरून हसत होता.

कळ आली की दाबून ठेवतेस का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती रडली. संडासासमोर कडुनिंबाखाली तुझी खाट, तिथं चार माणसं चहाला, आणि हिला जरा वेळ लागला की तू पत्र्याच्या दारावर काठी आपटतोस. काहून जाईल रे कोणती सून? दाबून दाबून दुखणं वाढलं. औषध सुरू आहे, पण सकाळी खाल्ल्यावर निवांत बसायचं, हेही औषधच. खाट उचल, मग पाठवते.

माया आहे म्हणून एवढ्यावर थांबते.
बेबीताई

उमरखेड, २६ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सोनोग्राफी साफ आली होती, तरी तू तारा घालत बसलीस! सुनेच्या पोटाचं पत्रात लिहायला तुले लाज नाही वाटली? त्या खाटेवर मी वीस वर्षं बसून राह्यलो. सासऱ्यानं कुठं बसायचं, हे आता आतडं ठरवणार काय? खाट हलणार नाही. महालक्ष्म्या तोंडावर आल्या. अर्पिताला गुमान पाठव. तिच्या नवऱ्याला, पियुषलाही मी तेच ठणकावलं आहे.

लोभ असू दे, पण माझ्या अंगणात लक्ष घालू नकोस.
सदाशिव

पुसद, ४ सप्टेंबर

चि. सदाशिव,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत. तू ठणकावलेला पियुष काल बॅग घेऊन इथंच आला. आल्या आल्या दोघांसाठी भाड्याची खोली पाहिली. आधी संडासाची कडी आतून लावून पाहिली, मग भाडं विचारलं. लेकाला कळलं ते बापाला कळू नये!

अर्पिताला अजून रोज होत नाही. पण काल चहा-पोहे खाल्ल्यावर आपली आपण उठून गेली, आणि दारावर कोणी हात मारला नाही.

आता तू खाटेवर ऐसपैस बस. काठीही जवळ ठेव. त्या दारामागं कोणी नाही.

तरीही तुझीच,
बेबीताई